चिमूटभर जागा

हार्पसिकॉर्ड आलं ते कापसाच्या गाडीतून,
धारणी रोडनं, ताडपत्रीखाली,
सरकीचा वास अंगाला लागलेला.
मनिराम मिस्त्रींनी फळीवर टिचकी मारली,
मग कान लावला.
"पेटी नाई हे. भाता कुठी हाय?"
भाता नाही, काका. आत तारा आहेत.
पट्टी दाबली की लाकडाची काडी उठते
आणि पिसाचं टोक तारेला छेडून जातं.
"कायचं पीस?"
कावळ्याचं.
ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू
बिस्किटाच्या डब्यात अकरा पिसं घेऊन आला,
चक्कीमागच्या कडुनिंबाखालची.
सहा कामाची निघाली.
खालच्या सुरांना आज तीच आहेत.

नाताळ उलटून चार दिवस.
मिशनच्या हॉलमध्ये मफलर, शाली,
संत्र्याच्या साली मुठीत धरून बसलेली पोरं,
आणि भिंतीपलीकडे तुरीचं थ्रेशर.
पहिले दोन नाच वाजवले तेव्हाच कळलं,
मागच्या बाकापर्यंत पोचत नाहीये.
एस्तेरमावशी तर उभ्याच राहिल्या,
"जोरात दाब न वं बाई, आयकू नाई येऊन रायलं."

जोरात दाबलं तरी तेवढंच वाजतं, मावशी.
मला हे पटायला सात वर्षं लागली.
बोट कितीही रागावो, लाडात येवो,
पीस तारेला एकाच मापानं छेडतं.
हातात उरतो तो वेळ:
एक सूर विझायच्या आत
दुसऱ्याला त्याच्या पांघरुणात घ्यायचं,
किंवा नाही घ्यायचं, उघडा पडू द्यायचा;
डावा हात घरात येऊन बसला तरी
उजव्यानं उंबऱ्यावर जरा थांबायचं.

आई इथल्याच दवाखान्यात सिस्टर होती,
वार्ड नंबर दोन, रात्रपाळी.
ओट्यावर बसलेल्यांना
काय ते तिलाच सांगावं लागे.
ती आवाज चढवायची नाही, उतरवायची नाही.
"चहा घेतला का?" विचारायचा तोच आवाज.
फक्त पेशंटच्या नावाआधी
थोडी जागा सोडायची.
मी पाचवीत. तिचा डबा घेऊन जायचे
आणि जिन्याखालून ती जागा ऐकायचे.
चिमूटभर असली की पोरगं वाचलेलं.

तिसरी रचना मापाविना लिहिलेली.
कुण्या फ्रेंच माणसानं तीनशे वर्षांमागं
कागदावर नुसते पोकळ गोल मांडले,
सुपात वाळत घातलेल्या बोरांसारखे,
वरून लांब वाकड्या रेघा.
कोण किती थांबेल, लिहिलेलं नाही.
मी सुरू केलं. थ्रेशर चालूच होतं.
बाकं करकरली, माणसं पुढं वाकली.
आणि दुसऱ्या पानावर, सगळं जिथं येऊन टेकणार
तो खालचा सूर दाबला,
तर काहीच नाही.
लाकडाची नुसती टकटक.
पीस गेलं होतं.

मला तो वरच्या सप्तकात घेता आला असता.
बोट उचललं नाही.
वरचे सूर एकेक करून विझेपर्यंत
तसंच धरून ठेवलं,
मग पुढं गेले.

टाळ्या झाल्या, चिवडा झाला.
एस्तेरमावशी चप्पल शोधत शोधत
माझ्याजवळ आल्या.
"त्या एका जागी थांबली होतीस नं,
तेवढीच थांबली होती तुयी माय."
कोणाच्या नावाआधी, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही पदर सारखा केला,
"थंडी लय हाय वं," म्हणाल्या, आणि निघाल्या.

मनिराम मिस्त्री टॉर्च लावून
केव्हाचे आत बघत होते.
मोडका तुकडा चिमटीत धरून
त्यांनी उजेडात फिरवला, फुंकला, खिशात ठेवला.
"सकाळी पोराले धाडतो झाडाखाली."